फेट्याची सीडी

दसऱ्याला तिसगावला माहेरी गेले, तेव्हा दादांनी ओसरीत शस्त्रपूजा मांडली होती. पाटावर कोयता, दोन विळे, कुऱ्हाड, गिरणीचे पाने, दगडाला टाके द्यायची छन्नी आणि या सगळ्यांच्या मधोमध, आपट्याच्या पानांवर, माझ्या लग्नाची सीडी. चकचकीत बाजू वर. तिच्यावर हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट, चार अक्षता आणि झेंडूचं फूल. मी विचारलं, हे काय आहे. दादा म्हणाले, "शस्त्र हाय."

दादा म्हणजे माझे वडील. आत्या त्यांना दादा म्हणायची, तिचं ऐकून मीही म्हणायला लागले आणि ते तसंच राहिलं. चाळीस वर्षं त्यांनी पिठाची गिरणी चालवली. सगळं आयुष्य पट्ट्याच्या खडखडाटात गेल्यामुळे ते कानात सांगतात तेही पलीकडच्या आळीत पोचतं. गिरणी आता बंद आहे, आवाज चालू आहे. तर हे शस्त्र कुणावर चालवायचं, हे मला विचारायची गरज नव्हती. ते मामांवर चालवायचं होतं.

मामा म्हणजे आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, दादा त्यांना दाजी म्हणतात. सोळा वर्षांपूर्वी माझं लग्न तिसगावातच, शाळेच्या मैदानावर मांडव घालून झालं. त्या लग्नात आपल्याला फेटा बांधला नाही, असं मामांचं म्हणणं. बांधला, आणि मी माझ्या हातानं बांधला, असं दादांचं. लग्न माझं होतं, पण मला यातलं काहीही ठाऊक नाही, कारण मी मान खाली घालून बसले होते आणि शालूची जर मानेला टोचत होती.

ज्यांना फेट्याचं प्रकरण क्षुल्लक वाटतं, त्यांनी आमच्या भागात मुलीचं लग्न काढू नये. वरणात मीठ कमी पडलं तर लोक हात धुता धुता विसरतात. घरच्या जावयाच्या डोक्याला फेटा नसला, तर ते नातवंडांपर्यंत जातं. मामा भंडारदऱ्याकडचे, अकोले तालुक्यातले. आम्ही पाथर्डी तालुक्यात. मधे अख्खा जिल्हा आडवा पडलेला, आणि मामांनी त्या अंतराचा पुरेपूर उपयोग करून घेतला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आत्या आली नाही. मग दुसऱ्या दिवाळीला आली नाही. राखी तेवढी पोस्टानं यायची, पाकिटावर आत्याचं तिरकं अक्षर.

भाऊबिजेला दादांना गावातली एक लांबची चुलत बहीण ओवाळते. बाई चांगली आहे, पण ओवाळून झालं की दादा उठतात आणि बंद गिरणीत जाऊन बसतात. लहानपणी वडील वारल्यावर दादांनीच आत्याला वाढवलं होतं, तिच्या वेण्यासुद्धा घातल्या होत्या, वाकड्या. गिरणीत बसून ते काय करतात हे आम्ही कधी पाहायला गेलो नाही. मला त्या दिवशी दादांची कीव येते आणि रागही येतो, कारण सगळं एका नऊ वाराच्या कापडासाठी.

या वर्षी गणपतीत मामांचा निरोप आला. नात्यातल्या एका माणसानं तो तोंडपाठ करून आणला होता आणि कोर्टातल्यासारखा उभा राहून सांगितला. तुमच्याकडे सीडी आहे म्हणता, तर ती दाखवा. फेटा दिसला तर मी जोडीनं भाऊबिजेला येतो आणि चार माणसांत तुमच्या पाया पडतो. नाही दिसला तर तुम्ही चार माणसांत म्हणायचं, की चुकलं, मग मी येतो. यातलं काहीच झालं नाही, तर दिवाळीनंतर विषय कायमचा बंद, आणि पुढच्या वर्षापासून राखीसुद्धा येणार नाही.

राखीचं ऐकून दादांचा चेहरा उतरला, असं आईनं मला नंतर सांगितलं. तोंडानं मात्र ते म्हणाले की दाखवतो, आता दाखवतोच. मला एक गोष्ट तेव्हा खटकली होती. मामा एवढ्या खात्रीनं सीडी का मागतायत? पण मी ती बाजूला ठेवली, कारण त्यापेक्षा मोठा प्रश्न पाटावर झेंडूखाली पडला होता.

आता कुणीही विचारेल की सोळा वर्षं ही सीडी लावून का नाही पाहिली. लग्नानंतर महिनाभरात एकदा पाहिली होती, पण तेव्हा भांडण सुरू झालेलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी आपापली तोंडं पाहिली. मग व्होल्टेज वाढून प्लेअर जळला. त्यानंतर दादा म्हणायला लागले की पुरावा रोज काढून बघायचा नसतो, त्याची धार जाते. ज्याच्या हातात सत्य आहे तो तपासत बसत नाही, असा त्यांचा एकूण पवित्रा. म्हणून सीडी वर्षभर गव्हाच्या कोठीत कडुलिंबाच्या पाल्यात राहायची आणि दसऱ्याला बाहेर यायची. सोळा दसरे. दर दसऱ्याला चकचकीत बाजूवर हळदीचं बोट, कुंकवाचं बोट.

मी म्हटलं, दादा, मजकूर त्याच बाजूनं वाचतात हो. ते म्हणाले, मग पूजा काय पाठीची करायची?

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी भागलं असतं. पण दर दिवाळीच्या आधी आई देवघरातली उपकरणी काढते. समई, घंटी, ताम्हण, पंचपात्री, सगळं चिंच आणि राख लावून लख्ख. कुंकवानं माखलेली सीडी कोठीत परत ठेवायची हे आईला पटत नसे, म्हणून तिचाही नंबर घंटीनंतर लागायचा. चिंच, राख आणि नारळाची शेंडी. आई भांडं घासते तशी, गोल गोल, मन लावून. मी सीडी उजेडात धरली तेव्हा तिच्यात माझा चेहरा दिसायला हवा होता. दिसलं ते एखाद्या म्हाताऱ्या ताटलीसारखं काहीतरी. आईनं अभिमानानं विचारलं, मागच्या दिवाळीला घासलेली, कशी निघालीय.

मी नगरला शाळेत कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे नात्यातला प्रत्येक अडकलेला प्रिंटर, विसरलेला पासवर्ड आणि भिजलेला मोबाईल माझ्या नशिबी आहे. माझ्या मावससासूनं एकदा मिक्सर आणला होता. मी कितीही सांगितलं की मी शिकवते, दुरुस्त करत नाही, तरी लोक ते विनयात धरतात. दादांनी सीडी धुतल्या टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ताई, ही चालली पायजे. बहीण यायची हाय माझी." मग मला चिडता येईना.

आधी मी सोपा रस्ता धरला, दुसरी प्रत. ती सासरी होती, राहुरीकडे. सासूबाईंनी मला डाळिंबाच्या बागेत नेलं आणि वर बोट दाखवलं. तारेला आठ सीड्या लटकत होत्या, पाखरं हाकलायला. त्यातली माझी कोणती, यावर आमचं थोडं दुमत झालं. शेवटी बदामात छापलेल्या दोन फिकट आकृत्यांवरून ओळखली. उन्हानं तिचा रंग पार उडाला होता, आणि मी ती डोळ्यासमोर धरली तर पलीकडचं आभाळ दिसलं. पाखरं बाकी डाळिंबावर निवांत बसली होती. माझ्या लग्नाला ती कधीच घाबरली नव्हती.

मग शूटिंगवाला. तिसगावातला त्याचा स्टुडिओ बंद होऊन तिथे आता दूध संकलन आहे, आणि तोच तिथे फॅट मोजत बसतो. मूळ टेप आहे का विचारल्यावर त्यानं खूप आठवल्यासारखं केलं. टेप होती म्हणाला. मग तिच्यावर पुढे तीन बारशी आणि एक बैलांची शर्यत घेतली. मी काहीतरी बोलणार होते, पण त्यानं चहा मागवला आणि सांगितलं की तुमच्या लग्नात जेवण फार चांगलं होतं, मी पाऊण तास पंगतच घेतली होती. या वाक्याचं गांभीर्य मला पुढे कळलं.

म्हणजे जे काही होतं ते शस्त्रातच होतं.

घरी नवऱ्याला दाखवली. तो नागापूर एमआयडीसीत एका कारखान्यात मालाची तपासणी करतो. त्यानं खिशातलं भिंग काढलं, सीडी तिरकी धरली आणि पंधरा मिनिटं तपासत राहिला. मग अहवाल दिला की ओरखडे गोल आहेत. आडवे असते तर मशीननं उडी मारून पुढचं वाचलं असतं. पण मजकूर सीडीवर गोल गोल लिहिलेला असतो, आणि तुझ्या आईनं नेमक्या त्याच दिशेनं घासलंय, त्यामुळे एक ओरखडा म्हणजे सलग मिनिटभर लग्न गेलं. उपाय म्हणून त्यानं कारखान्यातल्या बफिंगच्या चाकावर सीडी धरायची तयारी दाखवली. नळांचे पितळी कॉक त्यावर आरशासारखे निघतात म्हणे. मी सीडी काढून घेतली. त्यावर तो म्हणाला की माझं तोंड असलेला भाग गेला तरी माझी हरकत नाही.

पुढचं मी शाळेत, शाळा सुटल्यावर, लॅबमध्ये केलं. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून आधी देवाधर्माचं सगळं धुतलं. अक्षता निघाल्या. हळद निघाली. कुंकू मात्र एका जागी डाग ठेवून गेलं, कारण दादांचं बोट सोळा वर्षं एकाच ठिकाणी टेकत आलं होतं. मऊ फडक्यानं पुसताना मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल नाही, हे मी मुलांना शिकवते. आईला शिकवायला हवं होतं. मग पांढरी टूथपेस्ट बोटावर घेऊन, तशीच मधून कडेला, हलक्या हातानं ओरखडे भरले. लॅबला पुदिन्याचा वास यायला लागला. मुख्याध्यापिका दारातून डोकावल्या, मी माझ्या लग्नाचे दात घासतेय असं काहीसं बोलून गेले, आणि त्या काही न विचारता परतल्या.

नव्या कॉम्प्युटरांना सीडीचं तोंडच नसतं. भंगारात काढलेल्या कपाटातून मी तीन जुने ड्राइव्ह शोधले. एकाचा ट्रे उघडेना. त्याच्या पुढच्या बाजूला बारीक भोक असतं, त्यात साडीची पिन खुपसली तेव्हा तो उघडला आणि आत कुणाची तरी बारावीच्या प्रोजेक्टची सीडी निघाली. पहिल्या ड्राइव्हनं माझी सीडी घेतली, घरघरला आणि बाहेर काढून दिली. मी परत आत ढकलली, त्यानं परत बाहेर काढली. नको असलेल्या स्थळासारखं आमचं चार वेळा झालं. दुसऱ्यानं सांगितलं की सीडी कोरी आहे. तिसरा, सगळ्यात जुना आणि पिवळा पडलेला, त्यानं ती धरली आणि सोडली नाही. जुन्या ड्राइव्हचं असं होतं. नव्याला जे दिसत नाही ते कधीकधी त्याला दिसतं.

त्याच्यावर मी एक प्रोग्राम लावला. तो सीडीची जशीच्या तशी नक्कल करत जातो. चांगला भाग आधी उचलतो, अडलं की तिथे खूण करून पुढे जातो, आणि शेवटी खुणा केलेल्या जागांवर परत परत जाऊन धडका देतो. वेग कमी ठेवायचा, घाई केली की हाती काही लागत नाही. या सगळ्याला नऊ दिवस लागले. रोज संध्याकाळी मी बघून जायची, टक्का थोडा सरकलेला असायचा, कधी तिथेच. मी त्या यंत्राशी बोलायला लागले होते. चांगलं नव्हते बोलत.

नवव्या दिवशी जे हाती आलं ते असं. माझी हळद आली, पण माझा चेहरा हिरव्या चौकोनांत. मंगलाष्टकं आली. प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'शुभमंगल' स्पष्ट ऐकू यायचं आणि पुढचं 'सावधान' गेलेलं. नवऱ्यानं हे दोनदा लावून ऐकलं आणि म्हणाला, बघ, मला कुणी सांगितलंच नाही. आणि पंगत आली, पाऊण तास, एकही चौकोन नाही, लखलखीत. सगळा तालुका बुंदी खाताना दिसत होता. ज्यांना त्या लग्नात फक्त जेवायचं होतं त्यांच्याच बाजूनं सीडी उभी राहिली.

फेट्यांचा भाग मंगलाष्टकांच्या आधी होता. मी पुढे मागे करत शेवटी तो गाठला. चाळीस सेकंद. मामा खुर्चीत बसलेत, हनुवटी वर. दादा, काळ्या मिशीचे, केशरी कापडाला चुण्या घालत त्यांच्या डोक्याभोवती फिरतायत. डावीकडे कापडाचं दुसरं टोक ताणून धरून आत्या उभी आहे आणि हसतेय. दादा शेवटचा पीळ खोचतात, तुरा काढतात, मामांच्या पाठीवर थाप मारतात. मामा मान हलवून फेटा बसला का बघतात. मग चौकोन. आवाज फाटतो. साडेतीन मिनिटं काहीच नाही. पुन्हा चित्र येतं तेव्हा फेटा बांधलेले एक पुढारी माइक हातात धरून वधूवरांना आशीर्वाद देतायत, आणि माझी झोप लागल्यासारखी मान.

मी एकटीच लॅबमध्ये उठून उभी राहिले. दादा खरं बोलत होते. मला एवढा आनंद माझा स्वतःचा निकाल लागल्यावरही झाला नव्हता.

वसुबारसेला मी लॅपटॉप घेऊन तिसगावला गेले. दादांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि चाळीस सेकंद श्वास रोखून पाहिली. मग परत लाव म्हणाले. सहाव्या वेळी त्यांनी उठून शर्टाच्या बाह्या दुमडल्या, जसं काही आत्ताच निघायचं आहे. ग्रामपंचायतीचा पडदा मागतो, चौकात लावतो, दाजींना पुढच्या रांगेत बसवतो, असा बेत सुरू झाला. पाया कुठे पडायचं, तिथे चादर टाकायची का, इथपर्यंत तो गेला.

आई चकल्या तळत होती. झारा न सोडता ती म्हणाली, "दाखवा की. चार मानसांत ते खोटे पडतील. मंग वन्संना घेऊन हसत हसत येतील व्हय तुमच्याकडं?"

दादा बसले. मी चकली खाल्ली, दुसरी खाल्ली. दादांनी लॅपटॉपवरचं थांबलेलं चित्र बघितलं, त्यात आत्या कडेला होती, सोळा वर्षांनी तरुण. मग ते मला म्हणाले, "बंद कर. सीडी चालली न्हाई म्हनायचं."

माझे डोळे भरून आले. ज्या माणसानं सोळा वर्षं एका सीडीला कुंकू लावलं, तो जिंकल्यावर हरायला तयार झाला होता. मला दादांचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता, आणि हे मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, माहीत हाय.

मामांच्या अटीप्रमाणे चार माणसं बोलावली. शेजारचे दोघे, दूध संकलनवाला, आणि गिरणीचं एक जुनं गिऱ्हाईक, जे अजून पीठ मिळेल या आशेनं अधूनमधून येतं. फोन स्पीकरवर ठेवला. दादांनी स्पष्ट सांगितलं की दाजी, सीडी खराब निघाली, फेट्याचं माझं चुकलं. पलीकडून मामांनी आधी माणसं मोजून घेतली. चौथा कोण, तो आत्ता आलाय की पहिल्यापासून आहे, हेही विचारलं. मग म्हणाले की येतो.

पुढचे चार दिवस दादा सहन होण्यापलीकडचे झाले. मोठ्या मनाची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते मन त्यांनी गावभर मिरवलं. ज्याला त्याला बाजूला घेऊन, कुणाला सांगू नका हां, असं बजावून, सीडी खरं म्हणजे चालली हे त्यांच्या पद्धतीनं हळू सांगितलं. लक्ष्मीपूजनापर्यंत तिसगावात फक्त जनावरांना ते ठाऊक नव्हतं. आई म्हणाली, चुकलं ते एकदा म्हणाले, बरोबर होतं ते दोनशेदा.

भाऊबिजेला दुपारी जीप आली. मामा उघड्या डोक्यानं उतरले. टोपीसुद्धा नव्हती, म्हणजे जागा तयार ठेवली होती. त्यांच्या मागून आत्या. केस पांढरे झालेले, पायरीवर हात टेकून चढली. दादा दोन पावलं पुढे गेले आणि तिथेच उभे राहिले, हातांचं काय करायचं त्यांना कळेना. आत्या त्यांच्यासमोर आली आणि म्हणाली, "किती वाळलास रं दादा." दादा रडले. आत्या रडली. मीही रडले, आणि मला रडू चटकन येत नाही, राग येतो.

मग फेटा. दादांनी नगरहून मुद्दाम नवीन केशरी कापड मागवलं होतं. मामा खुर्चीत बसले, हनुवटी वर. मी टोक धरलं. सोळा वर्षांनीही दादांच्या चुण्या सारख्या पडल्या. तुरा निघाला तेव्हा शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांनाही सगळं माहीत होतं. मामा आरशासमोर गेले, बाजूनं पाहिलं, समोरून पाहिलं, आणि जरा पेठेत चक्कर मारून येतो म्हणून निघाले. पान खायला म्हणे. मामा पान खात नाहीत.

आत्यानं दादांना ओवाळलं. सोळा वर्षांचं एकदम ओवाळायचं म्हणून की काय, ताम्हण थांबेचना. दादा पाटावर बसले होते, कपाळभर कुंकू, आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा मऊ झाला होता. तिथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण जिंकलेलं पोटात ठेवणं त्यांना झेपत नव्हतं. मामा पेठेत आहेत याची त्यांनी दारातून खात्री करून घेतली, आत्याच्या जवळ सरकले आणि म्हणाले की तुझ्यासाठी मी माघार घेतली बरं का, सीडी चालली होती, ताई दाखव तिला.

मी मोबाईलवर ती चाळीस सेकंद लावली. आत्यानं चष्मा लावून पाहिली. स्वतःला पाहून हसली, दादांच्या मिशीला हसली. चौकोन सुरू झाले तसं तिनं विचारलं, "अन् फुडचं?"

मी म्हटलं, पुढचं गेलं आत्या, कुंकवाच्या डागाखाली होतं, वाचताच आलं नाही.

"फुडचं मी सांगते की," आत्या म्हणाली, आणि दळण कसं द्यायचं हे सांगावं इतक्या साध्या आवाजात सांगितलं. तेवढ्यात पुढारी आले. फेटे संपले होते. दादा म्हणाले, दाजी, दोन मिनिटं द्या, लगेच दुसरा आणतो. आणि कॅमेऱ्यासमोरच मामांच्या डोक्यावरचा सोडून पुढाऱ्यांना बांधला. दुसरा काही आला नाही. मामा दोन मिनिटं म्हणून त्या खुर्चीत पंगत उठेपर्यंत बसून होते.

आई आतून झारा घेऊन दारात आली होती. दादांनी एकदा मोबाईलकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. त्यांना ते आठवायला लागलं होतं. मी समोरच बसले होते, मला ते आठवताना दिसलं. मग ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज खरोखर हळू निघाला, "मंग दाजी बांधला न्हाई असं का म्हनत्यात?"

"डोक्यावरचा काढून घेतला, असं कोन सांगल दादा? बांधलाच न्हाई म्हनलं म्हंजी जरा बरं वाटतं." तिनं ताम्हणातली वात सारखी केली. "बांधलास तवा टोक मीच धरलं हुतं. सोडलास तवाबी मीच धरलं."

"मंग सोळा वर्सं बोलली का न्हाईस?"

"मला इचारलं कुनी?"

दादा माझ्याकडे बघायला लागले. उत्तर माझ्याकडे असायला हवं होतं. मी तीन ड्राइव्ह, नऊ दिवस आणि एक टूथपेस्ट घालवली होती, आणि आत्याचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये पहिल्यापासून होता. दर वर्षी राखी पोचली हे सांगायला तिला फोन मीच करायचे. तब्येत विचारायचे, पाऊस विचारायचे, भात कसा आहे ते विचारायचे आणि ठेवून द्यायचे.